दोन मतदार याद्या

शशिकलाताई काकोडकर २८ ऑक्टोबर २०१६ ला गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या एका मुंडकार दाव्याची मामलेदारांपुढे तारीख होती. मुंडकार म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. वर्तमानपत्रांत तेव्हा एकच ओळख छापून येत होती: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या, गोव्याची पहिली महिला मुख्यमंत्री. त्यांच्या कारकिर्दीतल्या कायद्यावर माझी निम्मी वकिली चालते, त्याचा उल्लेख कुठेतरी एका ओळीत.

अशील सत्तरी ओलांडलेली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांखाली तिच्या सासऱ्याने मातीचे घर बांधलेले. मुंडकार कायदा १९७५ चा, अमलात आला मार्च १९७६ मध्ये. तेव्हा तुम्ही तिथे राहत होता हे तुम्हीच सिद्ध करायचे. भाटकाराच्या वकिलांचे उत्तर ठरलेले: ही घरकामाची बाई, मालकाच्या आउटहाउसमध्ये राहायची. तसे ठरले तर कायदा लागूच होत नाही. घरपट्टी भाटकाराच्या नावावर, रेशनकार्ड नंतरचे. अशा वेळी आमचे लोक शेजाऱ्यांना साक्षीला उभे करतात आणि उलटतपासणीत ते बिचारे वर्षांचा घोळ घालतात.

मी मतदार याद्या काढल्या, १९७२ ची आणि १९७७ ची. मधे मार्च १९७६. दोन्हींत घर क्रमांक तोच. पहिल्या यादीत सासरा, दुसरीत सासरा आणि सून. मालकाच्या घराचा क्रमांक वेगळा, म्हणजे आउटहाउसचा मुद्दा तिथेच लंगडा पडला. नकला दाखल केल्यावर समोरच्यांनी अभ्यासासाठी वेळ मागितला. दोन पानांच्या अभ्यासाला पुढची तारीख मिळाली! मामलेदार कचेऱ्यांत हे दावे असेच म्हातारे होतात.

बाहेर व्हरांड्यात म्हातारी म्हणाली, "हो तायेचो कायदो, बाय. ताय गेली, आता कायदो उरतलो मगे?" उरतलो, राहील, असे मी सांगितले.

पण त्या दोन याद्यांची वर्षे डोक्यातून जात नाहीत. १९७२ ची निवडणूक भाऊसाहेबांची शेवटची. १९७३ मध्ये ते गेले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या. १९७७ ला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष त्यांच्या नेतृत्वाखाली लढला, तीसपैकी १५ जागा. मगोच्या सिंह या चिन्हावर शिक्का मारणारी माणसे म्हणजे हीच कुळे, हेच मुंडकार. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी दुरुस्तीही १९७६ मधलीच. आणि एप्रिल १९७९ मध्ये स्वतःच्याच पक्षाचे आमदार फुटून सरकार गेले. पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष काढला, मगोत परतल्या. १९९० मध्ये शिक्षणमंत्री म्हणून मराठी-कोकणी प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी ठाम राहिल्या. मुंडकारांची नोंद घरोघरी जाऊन पुरी करून घेण्याइतके बळ मात्र त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. ज्यांनी ते सरकार पाडले त्यांना मी माफ करू शकत नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. म्हातारी मुंडकार ठरली. घराखालची जमीन विकत घेण्याचा अर्ज वेगळा, तो आता त्याच कचेरीत पडून आहे.