वीतभर पंख

आंबोलीच्या जंगलात सकाळच्या उन्हाला झाडांच्या शेंड्यांवरून काळं-पिवळं काहीतरी संथ तरंगत गेलं, की आधी पक्षीच वाटतो. या फुलपाखराचं नावही तसंच, सदर्न बर्डविंग. पुढचे पंख काळे मखमली, मागचे हळदीसारखे पिवळेधमक. राहणं दक्षिण भारतात, विशेषतः पश्चिम घाटात. कर्नाटकानं त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. आपण २०१५ मध्ये तो ब्लू मॉर्मनला दिला. तेही देखणंच, पण माझं मत विचाराल तर ते बर्डविंगला पडलं असतं.

ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि फुलपाखरांचे अभ्यासक ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९३२ साली नोंदवलेलं सदर्न बर्डविंग पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १९० मिलिमीटर भरलं होतं. म्हणजे जवळजवळ वीतभर! भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू हा मान त्याच्याकडे ८८ वर्षं राहिला. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या डिडीहाटची गोल्डन बर्डविंग मादी १९४ मिलिमीटर निघाली आणि मान चार मिलिमीटरनं गेला. गेला तोही भाऊबंदांतच.

एवढा थाट उभा आहे तो सापसंदीसारख्या विषारी वेलींवर. अळी सापसंद आणि तिच्या कुळातल्याच वनस्पती खाते. तिला भूक लागली म्हणून आंब्याचं पान चालत नाही. त्या पानांतलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. पुढे फुलपाखरालाही तीच शिदोरी पुरते. गंमत म्हणजे हेच विष माणसाची मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगही होतो. तरी सापाच्या विषावर उतारा म्हणून माणसानं सापसंद पिढ्यानपिढ्या उपटली!

मोठेपणी मात्र या फुलपाखराच्या आवडीनिवडी सैल होतात. परदेशातून येऊन इथे माजलेल्या घाणेरीवरही ते मजेत मध पितं. म्हणूनच बंगल्याभोवती फुलझाडं लावणाऱ्यांकडे ते पाहुणं येईल, पण संसार थाटणार नाही. मादी पायांनी पान चाखते आणि ओळख पटली तरच अंडं घालते. सापसंद लावा म्हटलं, की हौशी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, फुलं कशी येतात? येतात की! नळीसारखी, हिरवट-जांभळट, बारीक माश्यांना आत कोंडून ठेवणारी. हे ऐकल्यावर बहुतेक जण जास्वंदीकडे वळतात.