वस्तरा क्रमांक ९: शेफील्डचा रॉजर्स आणि झिजलेली टाच

आज सकाळी रॉजर्सने तिसरी दाढी केली. दोन्ही गाल स्वच्छ, हनुवटीखाली मात्र अजून ओढतो. म्हणजे काम पुरतं संपलेलं नाही. तरीही आजच नोंद लिहायला बसलो, कारण आधी दुरुस्त केलेल्या आठ जुन्या वस्तऱ्यांनी मिळून जे शिकवलं नव्हतं ते या एकाने शिकवलं. ते ताजं आहे तोवर उतरवून ठेवतो.

हा वस्तरा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी, पितळी कुलपं आणि गंजलेल्या पान्यांच्या ढिगात सापडला. ३५० रुपये. मुठीची एक पट्टी तडकलेली, दुसरी धनुष्यासारखी वाकलेली, पातं तपकिरी. पात्याच्या मुठीकडच्या शेपटीवरची माती अंगठ्याने पुसली तेव्हा आधी तारा दिसला, मग त्याच्या शेजारी माल्टाचा क्रूस. तेवढ्यावरच ओळख पटली: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड. घरी आणून रॉकेलने साफ केल्यावर पुढची अक्षरंही वाचता आली. ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ (राजाचे चाकू-सुऱ्या घडवणारे) आणि खाली ‘शेफील्ड, इंग्लंड’.

या दोन ओळींवरून काळाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेचा मॅककिन्ली कायदा १८९० सालचा. त्यानंतर आयात मालावर देशाचं नाव लागणं सक्तीचं झालं आणि शेफील्डचे कारखाने ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास ठोकू लागले. दुसरीकडे व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत गादीवर होती, म्हणजे तोवर शिक्क्यात ‘हर मॅजेस्टी’ यायला हवं. दोन्ही धागे जुळवले तर हा वस्तरा १९०१ नंतरचा. पात्याचे गालही आत घासून पोकळ केलेले आहेत, जुन्या पाचरीसारखे भरीव नाहीत, त्यामुळे अंदाज पक्का वाटतो. शंभर वर्षांच्या आसपास वय असलेलं पोलाद हातात आहे हे समजल्यावर मी त्या संध्याकाळी काहीही केलं नाही. नुसता बघत बसलो.

त्याच दिवशी शेजारच्या गाळ्यावर पांढऱ्या मुठीचा एक सुंदर वस्तरा होता, तो मात्र सोडून आलो. विक्रेता ‘हाड आहे’ म्हणत होता. भिंगाखाली हाडाला बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. इथे तसं काही नव्हतं. टोकाच्या कडेला एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी होती, आणि ती हस्तिदंताची खूण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. जुन्या बाजारात फिरणाऱ्या प्रत्येकाने ही जाळी ओळखायला शिकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कामाकडे.

मुठीचे खिळे आधी काढले. खिळ्याचं डोकं कानशीने घासून सपाट केलं, मग बारीक पंचने ठोकून बाहेर काढलं. पट्ट्या म्हशीच्या शिंगाच्या निघाल्या. तडकलेल्या पट्टीत एपॉक्सी भरून ती दोन दिवस चिमट्यात ठेवली. वाकलेली पट्टी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर शिंग मऊ झालं, मग ती दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये दाबून रात्रभर व्हाइसमध्ये. सकाळी सरळ. त्यानंतर दोन्ही पट्ट्या लिक्विड पॅराफिनमध्ये तीन दिवस बुडवल्या. शिंग सुकलं की त्याचे थर सुटायला लागतात आणि किडेही लागतात, त्यामुळे हे तीन दिवस वाया गेले असं समजू नका. करडी पडलेली पट्टी काळीभोर, मधे मधासारख्या छटा असलेली बाहेर आली.

पात्यावरचा गंज दोन प्रकारचा होता. तांबूस, भुसभुशीत गंज तेल आणि बारीक स्टील वूलने निघाला. काळा थर घट्ट बसलेला होता, तो वॉटर पेपरने काढावा लागतो. ४०० नंबरपासून सुरुवात केली (पेपर असो की दगड, नंबर जितका मोठा तितका तो बारीक), पेपर एका खोडरबराला गुंडाळून, कायम शेपटीकडून टोकाकडे, पातं लाकडी फळीवर सपाट टेकवून. सुरुवात करण्याआधी धार काचेच्या कडेवर दोनदा ओढून बोथट केली. ही पायरी टाळू नका, बोट घसरलं तर वस्तरा हाडापर्यंत जातो.

बफिंगचं चाक मी वापरत नाही. हे साधं जास्त कार्बनचं पोलाद आहे, त्याचं पाणी, म्हणजे टणकपणा, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बसवलेलं असतं. धारेजवळचं पातं कागदासारखं पातळ. चाकावर ते क्षणात तापतं, पिवळट होतं, मग निळं. निळं झालं की तेवढा भाग मेला, त्यावर धार टिकत नाही. माझा क्रमांक ३ असाच गेला. एका कारागिराकडे पॉलिशला दिला होता, आरशासारखा चमकत परत आला आणि धारेवर दोन बोटं निळी सावली घेऊन आला. त्यानंतर सगळं हातानेच.

६०० च्या पेपरवर असताना तारा पुसट व्हायला लागला. तिथे थांबलो. पात्याच्या मध्यावर अजून आठ-दहा खड्डे आहेत, टाचणीच्या टोकाएवढे. ते काढायचे तर शिक्का जाईल आणि गाल आणखी पातळ होतील. धारेपासून ३ मिलिमीटरच्या आत खड्डा असेल तर त्याचा बंदोबस्त करावाच लागतो, कारण पाजवता पाजवता धार कधीतरी त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तिथे खाच पडते. माझे खड्डे वरच्या अर्ध्यात आहेत. दाढीला त्यांचा काहीही त्रास नाही. शिक्क्याची अक्षरं मला चमकेपेक्षा मोलाची वाटतात. ज्यांना आरसा आवडतो त्यांच्याशी या बाबतीत माझं पटत नाही, आणि पटेल असं वाटतही नाही.

खरी गोष्ट पुढे आहे.

वस्तऱ्याला धार लावताना कोन हाताने धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरूनच कोन ठरतो. जो कोणी पहिला वस्तरा घडवताना हे योजून गेला त्याला माझा नमस्कार. दरवेळी पाजवताना दोन्ही सारखे झिजतात, म्हणून कोन वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. पण दाब सारखा असेल तरच.

या वस्तऱ्याची पाठ व्हर्नियरने मोजली. टोकाकडे ४.४ मिलिमीटर, टाचेकडे, म्हणजे मुठीलगत, ३.९. रुंदी दोन्हीकडे १६. हिशेब केला तर टोकाशी कोन साधारण १५.८ अंश येतो आणि टाचेशी १४. भिंगातून पाहिलं तर टाचेकडची धार करवतीसारखी चुरलेली. धार इतकी निमुळती झाली की हे पोलाद दाढीच्या केसासमोरही तग धरत नाही.

अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला कसा झिजला, याचं उत्तर मला साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मिळालं. तिथले न्हावीकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा येण्याआधी तीसेक वर्षं असाच वस्तरा चालवला. रॉजर्स त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, उजेडाकडे धरला आणि पाठीवरून नख फिरवलं.

“टाच खाल्लीय याची,” ते म्हणाले.

“काका, अशी एकाच बाजूला कशी खाल्ली जाते?”

“अरे, आमचा निसण्याचा दगड केवढा? वीतभर. त्यावर आधी टाच बसवायची आणि तिरका ओढत टोकाला न्यायचा. घाईत असलं गिऱ्हाईक की टाचेवरच दोन हात जास्त पडतात. हा कुणातरी घाईच्या माणसाचा वस्तरा.”

मग त्यांनी धोकटीतून स्वतःचा निसणा काढून दाखवला. मधोमध खोलगट झालेला, काळा, तेल पिऊन गुळगुळीत. माझ्या सपाट जपानी दगडांबद्दल त्यांनी बारकाईने विचारलं, कोणता दगड किती बारीक, पाणी किती वेळ लागतं, सगळं. निघताना म्हणाले, “टाचेला दाबू नकोस बाबा. तिला आता नुसता हात लाव.” पुढचं सगळं काम मी या वाक्यावर केलं.

आधी चुरलेली धार काढली. १००० च्या दगडावर पातं उभं धरून, अगदी हलक्या हाताने, भिंगातून बघत बघत. मघाशी १६ म्हणून सांगितलेली रुंदी ही यानंतरची, आधी ती १६.४ होती. ०.४ मिलिमीटर पोलाद गेलं. जिवावर आलं होतं, पण चुरलेल्या पोलादावर नवी धार उभी राहत नाही.

मग पाठीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप, एक थर. टेप साधारण ०.१५ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंची मिळून ०.३. तेवढ्याने टोकाशी कोन १६.९ झाला आणि टाचेशी १५ च्या जरा वर. तरीही दोन्हींत फरक उरला. म्हणून टाचेकडच्या अर्ध्या पाठीवर टेपचा दुसरा थर दिला, आणि ही माझी चूक होती. धारेला मार्करची शाई लावून चार हात मारले तर टोकाकडची शाई जशीच्या तशी. जादा टेपने टोक दगडावरून उचललं जात होतं. टेप काढली.

शेवटी जे जमलं ते असं. एकच थर, आणि हात वळवत न्यायचा. सुरुवातीला टाच दगडावर केवळ टेकलेली, पात्याचं वजन तेवढंच. मधे पोचेपर्यंत मनगट किंचित वळतं आणि टोकाकडे दाब जरासा वाढतो. दर दहा हातांनी शाई, दर दहा हातांनी भिंग. पहिल्या दिवशी दीड तास गेला आणि मधला भागच लागला. दुसऱ्या दिवशी टोक. टाचेकडची शाई चौथ्या दिवशी सलग पुसली गेली. टाचेजवळ धारेलगत घासलेली पट्टी टोकापेक्षा जवळपास दुप्पट रुंद दिसते. दिसू दे. तिथला कोन निमुळता आहे तर पट्टी रुंद येणारच, ती अरुंद करायला गेलो तर पाठ आणखी खावी लागेल.

१००० वर धार पूर्ण उभी राहिल्याशिवाय पुढच्या दगडावर जाऊ नका. ३०००, ८०००, १२००० हे दगड फक्त आधीच्या चरांना बारीक करतात, धार घडवत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वस्तऱ्यांवर मी १२००० वर तासन्‌तास घालवले आणि दाढी ओढतच राहिली, कारण खाली पायाच नव्हता. यावेळी ३००० वर पंचवीस हात, ८००० वर चाळीस, १२००० वर नुसत्या पाण्याने तीस, सगळे वजनाशिवाय. टेप प्रत्येक दगडाआधी नवी, कारण जुन्या टेपमध्ये आधीच्या दगडाची भरड अडकलेली असते.

त्यानंतर पट्टा. आधी जाड सुती कापडावर वीस, मग चामड्यावर साठ. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाशी वळवताना पातं पाठीवरच उलटायचं. पट्टा ताणून धरायचा. ढिला पट्टा धारेला गोल करतो आणि चार दिवसांचं काम दहा सेकंदात जातं.

मूठ जोडायला १.६ मिलिमीटरची पितळी तार तांबट आळीतून आणली, छोटे वायसर जुन्या घड्याळांच्या सामानातून. सोनाराच्या हातोडीने टिचक्या मारत खिळा फुलवला. पातं बंद होताना दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधे बसतं.

पहिल्या दाढीला टाचेकडून गाल चरचरला. पुन्हा १२००० वर वीस हात. दुसरी दाढी गुळगुळीत, पण कानाजवळ खडबडीत. तिसरी आजची. हनुवटीखाली ओढण्याचं कारण धार की माझा कोन, हे अजून ठरवायचं आहे, म्हणून उद्या त्याच जागी क्रमांक ५ फिरवून बघणार. तो तिथे नीट चालला तर दोष रॉजर्सच्या धारेत आहे आणि पुन्हा ८००० पासून सुरुवात.

आषाढ लागला आहे. वापर झाला की कोरड्या कापडाने पुसून, पंख्याखाली दहा मिनिटं उघडा ठेवून, पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवतो. खिळ्याच्या आतलं पाणी सुकायला ती दहा मिनिटं लागतातच. चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, चामडं ओल धरतं. डब्यात सिलिका जेल, आणि सेल्युलॉइडच्या मुठीचे दोन जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे वेगळ्या डब्यात. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि शेजारच्या पात्यालाही गंज चढतो. त्यातल्या एकाच्या मुठीजवळ पातं काळं पडलेलं दिसतंय. क्रमांक १० तोच. मूठ काढून टाकायची आणि म्हशीच्या शिंगाची नवी करायची. शिंगाचा तुकडा आणून ठेवला आहे, कापायला शनिवारी बसतो.