मोरीची कडी

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. झोप येतेय पण आजचं आजच लिहिते, उद्यावर ढकललं की राहतं.

मागच्या शनिवारी मी दांडी मारली. ऑफिसचं काम निघालं, सकाळी समोरच्या काकींना मेसेज टाकला "आज नाही जमणार" आणि माझ्या डोक्यातून विषय गेला. मंगळवारी पॅसेजमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अगं मेसेज मी नंतर बघितला, पाणी तापवून ठेवलं होतं. कसलं पाणी ते मी विचारलंही नाही, लिफ्ट नसल्यामुळे तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचले होते आणि चहा हवा होता.

दर शनिवारी ११ ते १ मी काकींच्या यजमानांजवळ, आबांजवळ बसते. गणपतीनंतर सुरू केलं. आबा ८२ वर्षांचे, परळच्या मिलमध्ये आयुष्य गेलं, १९८२ च्या संपात घरी बसले, नंतर परत घेतलं आणि मग मिलच बंद पडली. आता स्मृतिभ्रंश आहे. चाळीत त्याला "म्हातारा चळलाय" म्हणतात आणि मला प्रचंड राग येतो पण कोणाकोणाशी भांडणार. पहाटे सहाला उठतात, भोंगा झाला म्हणतात, डबा दे. भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली हे काकींनी सुरुवातीला समजावून बघितलं, रडारड, आदळआपट. मग त्यांनीच युक्ती काढली. रिकामा डबा हातात देतात, आबा पॅसेजच्या टोकापर्यंत, म्हणजे संडासापर्यंत जातात, काकी मागे मागे, परत येतात आणि म्हणतात पाळी सुटली. चहा पितात, शांत. नंतर मनपाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हेच सांगितलं, वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या. काकी म्हणाल्या ते मी कधीच करतेय, गोळी काय ती सांगा.

मुलगा बदलापूरला राहतो. वाईट नाहीये, रविवारी येतो, पण रविवारी मेगाब्लॉक, त्यामुळे आला की जायची वेळ होते. ब्युरोत आबांना सांभाळायला मावशींचं विचारलं तर दिवसपाळीचे आठशे सांगितले. आबांची पेन्शन महिन्याला हजार. ही जी किमान हजाराची रक्कम आहे ना ती २०१४ पासून तेवढीच आहे, आणि तीही मिळायला दरवर्षी हयातीचा दाखला. आबांचा अंगठा मशीनवर उठत नाही, म्हणून यंदा मी मोबाईलवर चेहऱ्याने करायला गेले, त्यात डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, आबा एकटक बघत राहिले आणि मग मलाच म्हणाले, तू डोळे का मिचकावतेस गं? चौथ्या प्रयत्नाला झालं एकदाचं.

योजना नाहीत असं नाही. ७० च्या वरच्यांना ते पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, मीच काढून दिलं. पण ते अॅडमिट झालात तर. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार आहेत, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं, वर्षाला, मुंबईत! १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर काकींच्या कपाटावर चिकटवलाय, अडीअडचणीला असू दे. पण घरात पडलेल्या माणसाचं करणारी जी बाई आहे तिच्यासाठी म्हणून कुठला फॉर्म मला आजवर सापडलेला नाही. तिला कोणी पेशंट धरत नाही ना.

तर आज. मी अकराला गेले, काकी टॉवेल, गाऊन आणि शिकेकाईची पुडी घेऊन तयार. म्हणाल्या, तुझ्या मोरीत जाऊ का? मी म्हटलं जा ना, विचारता काय. आणि तेव्हा पाण्याचा उलगडा झाला. मागे एकदा त्या आंघोळीला असताना आबा बनियनवर खाली उतरले होते, पानवाल्याने बसवून ठेवलं म्हणून सापडले. तेव्हापासून बाहेरच्या दाराला आतून कुलूप, किल्ली मंगळसूत्राला पिनने अडकवलेली, आणि मोरीचं दार अर्धं उघडं ठेवून आंघोळ, एक डोळा आबांवर. दोन तांबे की बाहेर. दीड वर्षं! समोरासमोर राहतो आम्ही आणि मला माहीत नव्हतं. याआधीचे शनिवार त्यांनी बँक, रेशन, गोळ्या यातच घालवले होते, पहिल्यांदा स्वतःसाठी काही ठरवलं आणि नेमकी त्याच दिवशी मी नाही.

इकडे आबांना मी सुतळीचा गुंडा दिला. ही माझी युक्ती. कात्रीने मधे मधे कापून ठेवते, ते तुकडे जोडत बसतात. बोटं थरथरतात, चमचा धरता येत नाही, पण दोन टोकं हातात आली की गाठ अशी बसते की दिसत पण नाही. मी एक मारायचा प्रयत्न केला तर गाठ सोडून माझ्या हातात परत दिली, बदलीवाली काय गं तू, म्हणाले, म्हणजे मिलमध्ये दुसऱ्याच्या जागी आलेली. मी हो म्हटलं.

पाऊण तास झाला तरी काकी येईनात म्हणून मी दारातून डोकावले. मोरीला आतून कडी, पाण्याचा आवाज नाही, काही नाही. हाक मारणार होते, मारली नाही. साडेबाराला आल्या, केस मोकळे, इतके लांब आहेत मला वाटलंच नव्हतं, आणि आल्या आल्या ओरडल्या, गीझरचं बिल येईल तुला, हाक मारायची नाही का. नंतर खिचडीचं वाटण करताना गुणगुणत होत्या.

पुढच्या शनिवारी कल्याणला लग्न आहे, मला जावंच लागणार. या वेळी मेसेज वगैरे नाही, संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कॉलेजच्या पोराला गाठलं, क्रिकेट सोडून दोन तास बसशील का. तो म्हणाला, बसेन, पण करायचं काय? मी म्हटलं कात्री काकींकडे आहे, सुतळी तेवढी घेऊन जा.