महाराज गेले आणि मुलगा रडला नाही : माझा अनुभव

आमच्या मुलाला पखवाज आणि हरिपाठ शिकवणारे महाराज गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मुलगा 10 वर्षांचा. मातीला आला, घरी येऊन जेवला, खेळायला गेला. त्रास झाला तो दशक्रियेला, आणि त्याचा राग मला अजून येतो. घाटावर प्रवचन झालं, मग माइकवर श्रद्धांजल्या सुरू, सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले आणि भजनी मंडळातल्या एका काकांनी ह्याचं नाव पुकारलं, महाराजांचा लाडका शिष्य आता दोन शब्द बोलेल. पोरगं मला धरून बसलं, हलेना. तर एकजण म्हणे एवढं शिकवलं त्यांनी आणि ह्याच्या डोळ्यात टिपूस नाही, दुसरे म्हणे रडायचं नसतं बाळा, महाराज वैकुंठाला गेले. एकाच पोराला, एकाच मिनिटात! मी उठले आणि त्याला घेऊन घरी आले.

नंतर त्याचं पोट दुखायला लागलं, पखवाजाला हात लावेना. बऱ्याच दिवसांनी रात्री लाइट घालवल्यावर बोलला, आई मला थोडं बरं पण वाटलं, आता काकड्याला पहाटे कोण उठवणार नाही, बोल चुकला की कोण ओरडणार नाही. आणि मग खरं बाहेर आलं, आदल्या दिवशी ओरडा खाल्ल्यावर हा मनात म्हणाला होता की महाराज उद्या येऊच नयेत. इतके दिवस त्याला वाटत होतं ते आपल्यामुळेच गेले.

डॉक्टर म्हणाले ह्या वयात मुलांना असं वाटतं, स्पष्ट सांगा. मी रोज सांगितलं, त्यांचं हृदय बंद पडलं, कुणाच्या मनात आल्याने कोण मरत नाही. "देवाने नेलं" म्हणू नका, मुलं मग देवाला घाबरतात.

आणि वारकऱ्याने रडू नये म्हणणाऱ्यांनी नामदेवरायांचे समाधीचे अभंग वाचावेत. 1296 ला आळंदीत माउलींनी समाधी घेतली तेव्हा त्यांचे गुरू निवृत्तीनाथसुद्धा रडले. हे सांगितल्यावर मुलाने विचारलं, निवृत्तीनाथ माउलींना ओरडायचे का? म्हटलं मोठा भाऊच तो, ओरडत असेल की. तेव्हा तो पहिल्यांदा रडला, खूप वेळ.

एक सांगायचं राहिलं, घरात असं काही झालं की शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा. आणि कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वर्षश्राद्धाला मंडळाचे काका परत ह्याचं नाव विचारायला आले होते, मी दारातूनच नाही म्हटलं.