मेडिसिन बॉल आणि मी: आधी सेकंद कमी केले, वजन नंतर बघितलं

साधारण वर्षापूर्वी मी मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा वजनदार चेंडू, पहिल्यांदा हातात घेतला. वय ४१, दिवसभर बसून काम आणि चालणं सोडलं तर दुसरा काही व्यायाम नाही. ज्या हाय इंटेन्सिटी (थोडा वेळ पूर्ण जोर, मग आराम) बॅचला गेले तिथे सगळ्यांना सरसकट ६ किलोचा बॉल, ४० सेकंद काम, २० सेकंद आराम, पाच व्यायाम आणि तीन राउंड. शेजारची मुलगी दोन वर्षं करत होती, माझा पहिला दिवस, तरी दोघींना तेच. दुसऱ्या राउंडच्या मध्यात डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाली बसले, आणि दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना. मग जवळजवळ दोन महिने त्या वाटेला गेलेच नाही.

परत सुरू केलं ते दुसऱ्या एका सरांकडे, आणि त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बीपी वगैरे तपासून घेतलं. (बरेच दिवस काही केलं नसेल तर हे खरंच करा, टाळू नका.) सरांनी ३ किलोचा बॉल दिला आणि म्हणाले, "ताई, जोरात आपटा आणि आवाज ऐका." मी आपटला. धप्प! कोरडा, नेमका आवाज. दुसरा तसाच, तिसरा तसाच, पण सात-आठ झाल्यावर आवाज बदलला, नुसता 'थप' असा, म्हणजे बॉल मी फेकत नव्हते, तो आपला पडत होता. सर म्हणाले, "बस, तुमचा सेट इथे संपला." टायमरवर अजून वेळ होता तरी थांबवलं. त्या एका गोष्टीने माझं सगळं बदललं असं म्हणेन.

कारण काय आहे, डंबेल वर ढकलताना शेवटी आपल्यालाच ब्रेक लावावा लागतो, नाहीतर तो हातातून सुटेल. बॉल सोडायचाच असतो, त्यामुळे शेवटपर्यंत पूर्ण जोर लावता येतो. म्हणजे इथे खरी किंमत वेगाला आहे. बॉल इतका जड की हालचालच मंद होते, तर मग मेडिसिन बॉल घेण्यात अर्थ उरत नाही, उलट दमलेली कंबर वाकवून वजन उचलणं तेवढं राहतं. माझं नेमकं तेच झालेलं. आणि हे मला नंतर कळलं की माझी कंबर आपटताना गेली नव्हती, गेली ती बॉल परत उचलताना. आपटताना सगळं लक्ष असतं, पण उचलताना आपण घाईत असतो, गुडघे सरळ, पाठ गोल, आणि अशी पंधरा-वीस वेळा. म्हणून सरांनी नियमच घालून दिला, आपटणं जीव तोडून, उचलणं सावकाश. बसून, बॉल पोटाजवळ घेऊन, मग उठायचं. वर नेताना श्वास आत, आपटताना तोंडाने बाहेर, श्वास कोंडून धरायचा नाही.

आता प्रमाण कसं ठरवलं ते सांगते, कारण बहुतेक जण पहिल्यांदा वजनाला हात लावतात. आम्ही आधी वेळेला लावला. पहिले तीन आठवडे १५ सेकंद काम आणि ४५ सेकंद आराम, चार व्यायाम, दोन राउंड, म्हणजे सगळं मिळून ८ मिनिटं! मला वाटलं एवढ्याने काय होणार, पण १५ सेकंद खरोखर पूर्ण जोर लावला की चांगलाच दम लागतो. पुढचे तीन आठवडे २० आणि ४०, राउंड तीन केले. मग ३० आणि ३०. वजन या सगळ्या काळात ३ किलोच, ४ किलोचा बॉल घेतला तो तिसऱ्या महिन्यात, तेही शेवटच्या राउंडपर्यंत आवाज टिकायला लागल्यावर. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस सोडून, आणि प्रत्येक वेळी आधी आठ-दहा मिनिटं वॉर्मअप. वॉर्मअप गाळून थेट स्लॅम (बॉल डोक्यावर नेऊन जमिनीवर आपटणं) करणारे खूप बघितलेत, खांद्यांवर अन्याय आहे तो.

चार व्यायाम म्हणजे स्लॅम, छातीपासून भिंतीवर पास, भिंतीला बाजूने उभं राहून कमरेतून फिरवून फेक, आणि स्क्वॉट करून, म्हणजे गुडघ्यांत वाकून खाली बसून उठताना, भिंतीवर उंच फेकायचा वॉल बॉल. फिरवून फेकताना मागच्या पायाची टाच उचलून पाय चवड्यावर वळलाच पाहिजे, नाहीतर सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो. वॉल बॉल मला सगळ्यात अवघड गेला. क्रॉसफिट या जोरकस व्यायामप्रकारात पुरुष २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलोचा बॉल भिंतीवर १० फूट उंच मारतात, ते बघून आपण कमी पडतोय असं वाटायचं. मी सुरुवातीला फेकलाच नाही, बॉल छातीशी धरून नुसतं स्क्वॉट आणि वर ढकलणं, दोन महिने.

एक चूक मात्र माझी स्वतःची. घरी करायला म्हणून रबरी बॉल आणला आणि त्याने स्लॅम केला. तो सरळ उसळून हनुवटीवर आला, ओठ दातात सापडून फुटला. उसळणारा बॉल भिंतीवर फेकायला चांगला, परत हातात येतो. आपटायला मात्र न उसळणाराच लागतो, आत वाळूसारखं भरलेला, जो पडतो तिथेच बसतो. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून आधी हलकेच सोडून बघायचा.

घरी आणल्याचा फायदा असा झाला की आई आणि भाची पण यायला लागल्या. आई ६६ वर्षांची, गुडघा दुखरा, बीपीची गोळी चालू. भाची कॉलेजात फुटबॉल खेळते. तिघींनी एकत्र कसं करायचं हा प्रश्न होता, तो आम्ही मिनिटावर सोडवला. दर मिनिटाला टायमर वाजतो, तिघी एकदम सुरू करतो, आई १५ सेकंद, मी ३०, भाची ४०, उरलेलं मिनिट ज्याचा त्याचा आराम. व्यायाम एकच पण रूप वेगळं. मी स्लॅम करते तेव्हा भाची ६ किलोचा घेऊन उडी मारून स्लॅम करते. आई उंच खुर्चीवरून १ किलोचा बॉल छातीशी धरून उठते आणि बसते. वॉल बॉलच्या वेळी ती भिंतीवर छातीतूनच पास करते, डोक्यावर काही नेत नाही, ते डॉक्टरांना विचारूनच गाळलं.

भाची पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, आजीचं हे हाय इंटेन्सिटी थोडंच आहे?" मी तिला म्हटलं, आजीला विचार. आम्ही सेट संपला की प्रत्येकीने १० पैकी किती जोर लागला ते सांगायचं ठरवलंय. भाची म्हणाली ८, मी ८, आई धापा टाकत म्हणाली "७ तरी धर गं." तीव्रता ज्याच्या त्याच्या शरीराची असते, बॉलवर छापलेल्या आकड्याची नाही, हे मला मनापासून सांगायचंय. आईला आम्ही ७ च्या वर जाऊच देत नाही, आणि आरामात एक पूर्ण वाक्य बोलता आलं तरच पुढचा सेट.

हार्ट रेटचं म्हणाल तर २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना माहीत असतं, माझं १७९ येतं आणि मी साधारण १४५ ते १६० मध्ये असते. पण तो अंदाज आहे, माणसागणिक बराच फरक पडतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, मग घड्याळातला आकडा बघून जोर ठरवणं आईसारख्यांसाठी धोक्याचं. तिथे १० पैकी किती हेच बरं.

आणि ताबाता. २० सेकंद काम १० सेकंद आराम, आठ वेळा, चार मिनिटांत झालं म्हणून नवीन माणसं त्यावर उडी मारतात. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा तो १९९६ चा अभ्यास व्यायामाच्या सायकलवर झालेला, शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या तरुण मुलांवर. सायकलवर दमलात तर पाय थांबतात, बस. बॉल घेऊन दमलात तर पाठ गोल होते. १० सेकंदांत बॉल नीट उचलून उभं राहीपर्यंतच वेळ जातो. मी एकदाच केलं, पाचव्या फेरीत आवाज गेला, तिथेच सोडलं, आणि अजून तरी परत केलेलं नाही.

सध्या माझा बॉल ५ किलोचा आहे, ३० आणि ३०, चार राउंड. झोप कमी झाली त्या दिवशी बिनधास्त ४ किलोचा घेते. परवा तिसऱ्या राउंडमध्ये २२ व्या सेकंदाला 'थप' आलं, बॉल खाली ठेवला आणि भाचीचे उरलेले सेकंद मोजत उभी राहिले. आईने तोवर खुर्चीवरची एक उशी काढून बाजूला ठेवली होती, म्हणाली आता थोडं खालून उठून बघते.