चैयाच्या पावसात दीड महिना

ठाण्यात राहून ध्यान शिकायला थायलंडला कशाला जायचं, हे मला निघायच्या आधी जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. बरोबरच आहे, आमच्याकडे घंटाळीला इतकी वर्षं योगाचे वर्ग चालतात, लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ पासून आहे, विपश्यनेला इगतपुरी आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिकडचे लोक इकडे येतात शिकायला, नि तू उलटी कुठे चाललीस?" मी म्हटलं, आई, मला एकदा अशा ठिकाणी राहायचंय जिथे मला कोणीच ओळखत नाही. खरं कारण तेवढंच होतं. नोकरी, मुलाची बारावी, सासऱ्यांचं आजारपण, ह्या सगळ्यात मी सकाळचा योग कधी सोडला नाही, पण घड्याळाकडे बघतच केला, बारा सूर्यनमस्कार कसेबसे उरकायचे कारण पुढे ८.०५ ची लोकल गाठायची असायची.

तर मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रभर ट्रेन, आणि सकाळी चैया. दक्षिण थायलंडमधलं छोटं गाव, सुरत थानी प्रांतात (हो, सुरतच, आपल्या सुरतेवरूनच नाव दिलंय त्यांनी). इथे बुद्धदास ह्या थाई भिक्खूंनी १९३२ मध्ये सुआन मोक्ख हा विहार सुरू केला. सुआन म्हणजे बाग आणि मोक्ख म्हणजे आपला मोक्षच. थायलंडमधली सोनेरी देवळं मनात धरून गेलात तर इथे तसं काही नाही, मुख्य पूजास्थान टेकडीवर झाडांखाली उघड्यावर आहे, भिंती नाहीत, छप्पर नाही. परदेशी लोकांचं शिबिर हायवेच्या पलीकडच्या वेगळ्या आवारात होतं, महिन्याच्या १ तारखेपासून, आदल्या दिवशी जाऊन नाव नोंदवायचं, फोन जमा करायचा आणि मग दहा दिवस बोलणं बंद.

खोली म्हणजे सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, मच्छरदाणी आणि उशी लाकडाची. खरंच लाकडाची, मानेसाठी मधे खोलगट केलेला ठोकळा. पहिल्या रात्री झोपच लागली नाही, तिसऱ्या रात्रीपासून मात्र घंटा होईपर्यंत जाग आली नाही. घंटा पहाटे चारला. आंघोळ उघड्यावर, हौदाभोवती सगळ्या बायका लुंगी गुंडाळून तांब्यांनी पाणी घेतायत, आणि मला एकदम माहेरची गुहागरची विहीर आठवली, आजी अशीच लुगडं गुंडाळून अंगावर पाणी घ्यायची. आवारात गरम पाण्याचं कुंडही आहे, गणेशपुरीसारखं, दिवसभर बसून आखडलेले गुडघे तिथे सुटायचे. जेवण दोन वेळा, सकाळी तांदळाची पेज आणि दुपारी भात भाजी, संध्याकाळी फक्त काहीतरी गरम प्यायला. पेजेचं मला अप्रूप नव्हतं पण बाजूच्या युरोपियन मुली पहिले दोन दिवस बाऊलकडे नुसत्या बघत होत्या.

आता मुख्य गोष्ट. मी इगतपुरीचा कोर्स आधी केलेला, तिथे श्वास जसा येतोय तसा बघायचा, त्यात काही करायचं नाही. इथे आनापानसती शिकवतात, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, सोळा पायऱ्या, चार चारचे चार गट, काया, वेदना (दुखणं नव्हे, सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म. आणि पहिल्याच गटात बुद्धदासांच्या पद्धतीत श्वास मुद्दाम लांब करून बघायला सांगतात, लांब श्वासाने शरीर कसं शांत होतं आणि आखूड श्वासाने कसं अस्वस्थ होतं ते आपलं आपण तपासायचं. आधी नाकापासून बेंबीपर्यंत श्वासाच्या मागे मागे जायचं, मग एकाच जागी थांबून राखण करायची. मला हे प्राणायामाच्या इतकं जवळचं वाटलं की पाचव्या दिवशी मी बसल्या बसल्या रडले. पंधरा वर्षं मी पूरक रेचक, म्हणजे श्वास आत आणि बाहेर, मोजत होते, चार आठ चार आठ, पण त्या आकड्यांच्या खाली श्वास शरीराचं काय करतो हे कधी थांबून बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी पाऊस होता. नोव्हेंबरात आपल्याकडे थंडीची चाहूल लागते, तिथे आखाताच्या बाजूला ईशान्य मोसमी पावसाचा तेव्हाच जोर असतो. हॉल चारी बाजूंनी उघडा, खाली वाळू, पत्र्यावर असा आवाज की शेजारचीचा श्वासही ऐकू येऊ नये. आणि मला माझा श्वास बाहेर जाताना पोट आत जातंय, मग छाती बसतेय, मग खांदे सुटतायत, हे एकेक करून दिसत होतं. किती वेळ ते माहीत नाही.

मधले वीस दिवस मी गावातच खोली घेऊन राहिले आणि डिसेंबरचं शिबिरही केलं. बाजारातली भाजीवाली मला "पी" म्हणायची, म्हणजे ताई. रोज सकाळी मुख्य विहारात जायचे, तिथे एक तळं आहे, मधे बेटावर एकच माड. तिकडच्या बायकांचं जुनं अंगाईगीत आहे, मेणाच्या समुद्रात एकटा माड उभा, तिथे पाऊस पडत नाही, गडगडाट पोचत नाही, पुण्याच्याही पलीकडे गेलेलाच तिथे जाऊ शकतो. माडाला गाण्यात "नाळिके" म्हणतात, म्हणजे आपला नारिकेलच. घरमालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला, मेण ऊन लागलं की मऊ, थंडीत घट्ट, तसं सुखदुःख, आणि माड त्याच्या मधेच उभा.

घरी आल्यावर मी हे आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "म्हणजे मदालसेचा पाळणाच की गं." आणि मग पुराणातली राणी मदालसा पाळण्यातल्या आपल्या मुलांना काय सांगायची, तू शुद्ध आहेस, ह्या संसाराच्या पलीकडचा आहेस, ते त्यांनी मला सांगितलं, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. आता पहाटे पाचला मी गॅलरीत बसते तेव्हा त्याही खुर्ची घेऊन येतात, डोळे मिटून बसतात, मी काही शिकवत नाही.

कोणाला जायचं असेल तर, पाऊस नको असेल तर नोव्हेंबर टाळा. अंगाभोवती गुंडाळायला एक लुंगी आणि डासांचं क्रीम न्या. आणि घरच्यांना फोन बंद असणार हे एकदा नाही, चारचारदा सांगून जा. मी सांगून गेले होते, तरी चौथ्या दिवशी आईंनी नातवाला मेसेज टाकायला लावला होता, "जेवलीस का." तो मी अकराव्या दिवशी वाचला.