मण्यारीचा रुग्ण आणि श्रेयाचा हिशेब

मण्यार चावलेल्या माणसाच्या अंगावर पाहण्यासारखे बहुधा काहीच नसते. सूज नसते, रक्त नसते, दातांची खूणसुद्धा कित्येकदा सापडत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो आणि थोड्याच वेळात त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका खेड्यातून आमच्या अतिदक्षता विभागात आणलेल्या तरुणाचे असेच झाले होते. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी केवळ पापण्यांवरून निदान ओळखून प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या होत्या, आणि १०८च्या गाडीत त्याचा श्वास थांबू लागल्यावर सोबतच्या कर्मचाऱ्याने रुग्णालयाच्या दारापर्यंत अंबू बॅग, म्हणजे श्वास देण्याची रबरी पिशवी, हाताने दाबत आणली होती.

मी येथे परिचारिका आहे. माझे शिक्षण मिरजेला, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात झाले, आणि लग्नानंतर मी गोव्यात आले. मण्यारीच्या विषाबद्दल मिरजेत शिकलेली एक गोष्ट मी कधी विसरले नाही. हे विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसते आणि स्नायूंकडे जाणारा निरोप अडवते, पण मेंदूला हात लावत नाही. रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा विस्फारून टॉर्चच्या उजेडाला दाद देईनाशा होतात, आणि तरीही त्याला सगळे ऐकू येत असते. एकदा बसलेले हे विष प्रतिविषानेही सहजी सुटत नाही. तंतूंची टोके पुन्हा सावरेपर्यंत व्हेंटिलेटरवर वाट पाहावी लागते. तोवर आमचे काम म्हणजे नळीतला स्राव काढणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, पापण्या पूर्ण मिटत नसल्यास डोळ्यांत मलम घालणे आणि तोंड पुसणे. त्यात दाखवण्यासारखे काहीही नाही.

त्या दिवसांत त्याच्या खाटेपाशी उभे राहून कोणीतरी, ‘मेंदू गेलेला दिसतो,’ असे म्हणाले. आमच्या विभागातल्या सफाईच्या मावशी मात्र रोज फरशी पुसताना त्याच्याशी बोलत असत: आज म्हादईला पाणी वाढले आहे, तुझी आई बाहेर बसून आहे, तिने चहा घेतला. मावशींना मज्जातंतूंविषयी काही ठाऊक नव्हते. माणूस आहे म्हणजे त्याच्याशी बोलायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

हळूहळू त्याची बोटे हलली, मग पापण्या, आणि श्वास स्वतःचा स्वतः चालू लागल्यावर नळी काढण्यात आली. घोगऱ्या आवाजात त्याने सांगितले की त्याने ते ‘मेंदू गेला’सुद्धा ऐकले होते, आणि मावशींचे म्हादईचे पाणीही. त्याच दुपारी त्याची आई माझ्या पायांवर वाकली आणि म्हणाली, ‘बाय, आमच्यासाठी तुम्हीच देव.’

आपल्याकडे ही बोलण्याची रीत आहे आणि तिच्यात लबाडी नसते, हे मी जाणते. परंतु ख्रिस्ती माणसाला ती ऐकताना बायबलमधली लुस्त्र गावची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे जन्मापासून पांगळा असलेला माणूस चालू लागताच लोकांनी पौल आणि बर्णबा या प्रेषितांना देव समजून बैल व हार आणले, आणि त्या दोघांनी कपडे फाडून, ‘आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत,’ असे ओरडून सांगितले. मी कपडे फाडणार नव्हते. ‘मी काहीच केले नाही, सर्व प्रभूने केले,’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि आमच्या मंडळीत ते वाक्य नम्रतेची खूण मानले जाते. मला ते फारसे पटत नाही. रात्रभर जागून नळी स्वच्छ ठेवणाऱ्या हातांनी काही केले नाही असे म्हणणे खोटे आहे, आणि खोट्याने देवाचे गौरव होत नाही. पौलानेही करिंथ गावच्या मंडळीला पत्र लिहिताना ‘मी लावले’ हे नाकारलेले नाही. आपल्या सोबतीच्या अपुल्लोसाने पाणी घातले हेही तो सांगतो, आणि मग वाढवणारा देव आहे असे म्हणतो. त्याच पत्रात पुढे तो विचारतो की तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे. माझ्याजवळचे तर सगळेच दिलेले आहे. मण्यारीचे ते ज्ञानसुद्धा मिरजेला शिकवणाऱ्या एका बाईंचे.

म्हणून मी त्या माउलीला बाकावर बसवून सगळी नावे सांगितली: पापण्या पाहणारे डॉक्टर, अंबू बॅग दाबणारा माणूस, रात्रपाळीच्या दोघी परिचारिका, मावशी. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि त्यासाठी लागणारे विष तामिळनाडूतले इरुळ जमातीचे लोक जिवंत साप धरून गोळा करतात, हेही सांगितले. तिला घोड्यांचे फार नवल वाटले. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘मग या सगळ्यांना एका रात्रीत कामाला लावले कोणी?’ मी सांगितले की माझ्या विश्वासाप्रमाणे त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्याचे आभार मी रोज मानते. तिने मान हलवली. तिच्या घरी तिचे देव आहेत. त्याहून अधिक बोलण्याची ती जागा नव्हती.

मी कॅथलिक नाही, तरी गोव्यात राहून बाणावलीच्या संत जोसेफ वाझ यांच्याविषयी मला आदर वाटू लागला आहे. १६९७ साली श्रीलंकेतल्या कॅंडीत देवीची साथ आली तेव्हा त्यांनी धर्म न विचारता रुग्णांची शुश्रूषा केली, आणि पुढे मोठे पद देऊ केले गेले तेव्हा ते नाकारले. पद नाकारल्याचे कौतुक अधिक होते. मला त्यांनी रुग्णांचे अंग पुसले असेल तेच अधिक मोठे वाटते.

घरी सोडण्याच्या दिवशी त्या तरुणाने मावशींना भेटण्याचा हट्ट धरला. त्यांची पाळी दुपारी दोनला सुरू होणार होती. गाडी दारात उभी असूनही तो बाकावर थांबून राहिला, आणि त्याने मावशींना चेहऱ्यावरून नव्हे, तर लांबून येणाऱ्या आवाजावरून ओळखले. त्याला पाहताच मावशी म्हणाल्या, ‘आधी पाय वर घे, आताच पुसले आहे तिथे.’